दांडीसकट लांबी

डॉलिनाच्या जावयाला एक फार वाईट खोड होती. दिसेल त्या वस्तूची किंमत तो मोठ्यानं सांगायचा. जेवायला बसलं की मटणाचा भाव, पाहुण्यांकडे गेलं की त्यांच्या पडद्यांचा भाव, चर्चमधून बाहेर पडताना पाळकसाहेबांच्या नव्या बुटांचा भाव, आणि तोही पाळकसाहेब दारात हात मिळवायला उभे असताना. डॉलिनाला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. ती हॅरिस बेटावरची. तिच्या माहेरी माणसं बोट बुडाल्याची बातमीसुद्धा हळू आवाजात सांगत.

त्यात तिनं कॅरव्हान, म्हणजे मोटारीमागे ओढून न्यायची चाकांवरची खोली, घेतल्यापासून तर जावयाला, गॅविनला, नवं भजनच सापडलं होतं. ग्लासगोजवळच्या पेझलीच्या त्या गल्लीत असा माणूस उरला नव्हता ज्याला फेरीबोटीचं भाडं पाठ झालं नव्हतं. दूधवाल्यालासुद्धा त्यानं पायरीवर उभं करून सांगितलं.

"माणसांचं तिकीट वेगळं, मोटारीचं वेगळं, आणि मागे लावलेल्या कॅरव्हानचं वेगळंच! तेही लांबीवर बरं का. जेवढी लांब तेवढा पैसा. जाऊन-येऊन एकट्या कॅरव्हानच्या डोक्यावर दोनशे पौंड. आणि अख्खी कॅरव्हान आईंनी घेतली कितीला? साडेतीनशेला! त्या दोनशेत बेटावरच्या हॉटेलात तीन रात्री राहता येईल, सकाळच्या अंड्यांसकट."

"लांबीवर पैसे घेतात हे बरं आहे," डॉलिना आतून म्हणाली. "जिभेच्या लांबीवर घेत असते तर तुला धक्क्यावरच ठेवून जावं लागलं असतं."

"आणि तुम्हाला दोन तिकिटं काढावी लागली असती, आई," गॅविन म्हणाला.

दूधवाला हसला. डॉलिना हसली नाही. उत्तर चांगलं होतं, म्हणूनच तिला जास्त राग आला.

तसा गॅविन वाईट माणूस नव्हता. गालिचे बसवायचा धंदा. कमरेला कायम मापाची फीत, आणि खोलीत पाऊल टाकलं की नजरेनंच सांगायचा, एवढा गालिचा लागेल, एवढा वाया जाईल. डॉलिनाच्या लेकीशी, रोनाशी, लग्न झाल्यापासून त्याचा एकही गालिचा आखूड पडला नव्हता, हे डॉलिनाही कबूल करायची. फक्त त्याच्या तोंडावर नाही. शेजारणींजवळ ती एवढंच म्हणे, "हात चांगला आहे हो, पण बावळट. पोरीचं नशीब."

आता कॅरव्हान का, हॉटेल का नाही, एवढा खर्च कशासाठी, हे गॅविनला कुणी सांगायची गरज नव्हती. सगळ्या घराला ठाऊक होतं. डॉलिनाची धाकटी बहीण एफी माहेरच्या घरात राहत होती, तिच्या नवऱ्यासोबत, टॉर्मडसोबत. त्या घराच्या मागच्या खोलीत एक भक्कम लाकडी खाट होती, बापानं समुद्रातून वाहत आलेल्या ओंडक्यांची बनवलेली. दोघी बहिणी लहानपणी तिच्यावर एकमेकींना लाथा मारत झोपल्या. डॉलिना ग्लासगोला हॉटेलांतून भांडी घासायला गेली, तिकडेच लग्न केलं, तिकडेच विधवा झाली, पण जेव्हा जेव्हा बेटावर यायची तेव्हा झोपायची त्याच खाटेवर.

मग एका वर्षी ती न कळवता आली, आणि नेमकी चर्चच्या प्रभुभोजनाच्या आठवड्यात. त्या आठवड्यात बेटावर घराघरांत परगावचे भाविक उतरतात, चहाची किटली विस्तवावरून खाली येत नाही, आणि ज्याच्या घरी पाळक उतरतात त्याची मान वर्षभर ताठ असते. त्या वर्षी पाळक एफीकडे होते. चांगले सहा फुटी, वजनदार, दोन-दोन तास प्रवचन करणारे. एफीनं त्यांना मागची खोली दिली आणि सख्ख्या थोरल्या बहिणीला स्वयंपाकघरातल्या बाकावर घोंगडी टाकून दिली.

डॉलिनानं ती रात्र बाकावर काढली. सकाळी बॅग उचलली आणि उंबऱ्यावर उभी राहून म्हणाली, "एफे, माझी खाट मला परत मिळाल्याशिवाय तुझ्या छपराखाली मी डोळा मिटणार नाही."

"नको मिटूस," एफी म्हणाली. "उघडे ठेवून बस."

तेवढंच. पुढं प्रत्येक उन्हाळ्यात डॉलिना यायची, दिवसभर एफीच्या स्वयंपाकघरात बसून दोघी गप्पा मारायच्या, लोकर पिंजायच्या, अख्ख्या गावाची सालं काढायच्या. संध्याकाळ झाली की डॉलिना उठायची आणि रस्त्यापलीकडे जोनकडे झोपायला जायची. जोन पाहुण्यांना खोली आणि न्याहारी द्यायची. पाव गार, चहा पाण्यासारखा, पण छप्पर एफीचं नव्हतं. एफीनं कधी "राहा" म्हटलं नाही, डॉलिनानं कधी विचारलं नाही. मग जोन म्हातारी झाली आणि लेकाकडे इन्व्हर्नेसला निघून गेली. घराला कुलूप लागलं. डॉलिनाचे उन्हाळे सुने गेले.

आता एफीच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती. शनिवारी गावच्या हॉलमध्ये चहापाणी होतं. पत्र आलं त्या दिवशी डॉलिनानं दोनदा वाचून घेतलं रोनाकडून, आणि त्याच आठवड्यात गल्लीतल्या एकाची जुनी कॅरव्हान विकत घेतली. "माझं छप्पर मी घेऊन जाईन," ती म्हणाली. तिला जायचंच होतं. एफीचे गुडघे गेले होते, तिचं स्वतःचं हृदय अधूनमधून ठेचकाळत होतं, असे किती उन्हाळे उरले होते कोण जाणे. पण शब्द मोडून जायचं नव्हतं.

बोटीवर जागा राखून ठेवायचं काम गॅविननं केलं, फोनवरून. लांबी विचारली, त्यानं सांगितली.

शनिवारी दुपारी ती तिघं स्काय बेटावरच्या ऊइगच्या धक्क्यावर रांगेत उभी होती. पुढं मोटार, मागे पांढरी कॅरव्हान. आत डॉलिनाची उशी, डॉलिनाची किटली, आणि खिडकीला डॉलिनानं स्वतः शिवलेले पडदे. मांडीवर फडक्यात बांधून उकडलेल्या मनुकांच्या पुडिंगचा भला मोठा गोळा, कारण एफीला तो नीट जमत नाही असं डॉलिनाचं पन्नास वर्षांचं मत होतं.

पिवळ्या जाकिटातला एक माणूस फीत घेऊन आला. कॅरव्हानच्या शेपटीपासून मापत मापत पुढं आला, मोटारीच्या आकड्यापर्यंत. फितीकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, गॅविनकडे पाहिलं.

"ही लांबी तुम्ही नुसत्या खोलीची दिलीत, साहेब. पुढची दांडी धरली नाहीत."

"दांडी?" गॅविन म्हणाला.

"ही. जिनं ओढता ना, ती लोखंडी दांडी. तीही बोटीवर चढते."

"अरे देवा," गॅविन म्हणाला आणि डोकं खाजवलं. "दांडीच विसरलो."

डॉलिनानं खिडकीची काच खाली केली आणि पर्स उघडली. "वरचे किती झाले? घ्या. माझ्या जावयाचं डोकं पेझलीलाच राहिलंय, पैसे मात्र मी आणलेत."

"पैशाचा प्रश्न नाही, मावशी. जागेचा आहे. शनिवार आहे, खताचे ट्रक आहेत, मेंढ्यांची गाडी आहे. इंच-इंच वाटून दिलाय. मोटार मी कशीही कोंबतो. पण कॅरव्हान आज नाही जायची."

"मग उद्या," रोना म्हणाली.

त्या माणसानं तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिनं चर्चमध्ये पत्ते काढले. त्या काळी रविवारी बोट नसे. रविवार देवाचा, त्या दिवशी बेटावर दोरीवर कपडेसुद्धा नसत. "सोमवारी," तो म्हणाला.

"कापा ती दांडी!" डॉलिना म्हणाली.

"मग ओढायची कशानं, आई?" गॅविननं विचारलं.

"तुझ्या जिभेनं!"

पिवळ्या जाकिटातला माणूस वाकून आत पाहू लागला. तिचा आवाज, तिची बोली त्याच्या कानाला लागली होती. "मावशी, तुम्ही कुणाच्या?"

हा प्रश्न डॉलिनाला पेझलीत इतक्या वर्षांत कुणी विचारला नव्हता. तिथं नाव विचारतात, पत्ता विचारतात. तिचा राग अर्धा तिथंच उतरला. "काळ्या अँगसच्या रॅचेलची थोरली मी. डॉलिना."

"म्हणजे एफीची बहीण! अहो, तिच्या समारंभाची बिस्किटं याच बोटीवर आहेत. मोटार आणा पुढं. कॅरव्हान त्या माशांच्या शेडमागे लावा, कुणी हात लावणार नाही. मी सांगतो सगळ्यांना, एफीच्या बहिणीची आहे म्हणून."

गॅविननं कॅरव्हान सोडवली आणि शेडमागे ढकलली. एवढं घडूनही त्यानं वाया गेलेल्या पैशाबद्दल एक शब्द काढला नाही. रोनाला ते विचित्र वाटलं. डॉलिनाला वाटलं, लाज वाटली असेल, उशिरा का होईना.

बोटीत ती त्याच्याकडे पाठ करून बसली. समुद्र शांत होता, गॅनेट पक्षी धपाधप पाण्यात पडत होते, समोर हॅरिसचे उघडे, करडे डोंगर मोठे होत होते. ते दिसले की दरवेळी ती उठून कठड्याशी जायची. आज उठली नाही, डोक्यात एकच प्रश्न होता. रात्री झोपायचं कुठं?

"आई, एका रात्रीचा तर प्रश्न आहे," रोना म्हणाली. "दोन रात्रींचा. मावशीकडे झोपलीस तर काय आभाळ पडेल?"

"आभाळ पडलं तर चालेल. छप्पर एफीचं नको."

"मग?"

"मोटारीला छप्पर असतं का नाही? ती मोटार कुणाची?"

"माझी," गॅविन म्हणाला.

"तुझं तोंड बंद. दांडी विसरणाऱ्याला मोटारीवर हक्क नाही."

एफी दारातच उभी होती, काठीवर रेलून, केस नव्यानं कुरळे करून. तिनं मोटारीच्या मागे पाहिलं, मग रस्त्याच्या वळणापर्यंत पाहिलं.

"तुझं छप्पर कुठाय, डॉली? गावभर सांगितलंस ना, येताना घर घेऊन येते म्हणून?"

"ऊइगला राहिलं."

"का गं? समुद्र बघून घाबरलं?"

"जावयानं माप चुकवलं."

एफीनं गॅविनकडे पाहिलं. गॅविननं छपराकडे पाहिलं. "बरं," एफी म्हणाली. "चहा घे. आणि ते फडक्यात काय आणलंयस, दगड?"

"तुझ्या पुडिंगपेक्षा मऊच आहे."

मग हॉलमध्ये चहापाणी झालं. टॉर्मड पन्नास वर्षांत बोलला नसेल एवढं बोलला, म्हणजे तीन वाक्यं. म्हाताऱ्यांनी गाणी म्हटली, तरुणांनी खाल्लं. डॉलिनाच्या पुडिंगचा कण उरला नाही, आणि हे तिनं एफीला दोनदा दाखवून दिलं. शनिवार असल्यामुळे सगळे वेळेत उठले. रविवार लागायच्या आत भांडी धुऊन, बटाटे सोलून, बुटांना पॉलिश करून मोकळं व्हायचं होतं.

घरी आल्यावर एफीनं रोनाला विणायच्या हातमागाच्या खोलीत गादी दिली. गॅविनला स्वयंपाकघरातला बाक दिला. डॉलिनाला काहीच दिलं नाही, काहीच म्हटलं नाही. डॉलिनानं गरम पाण्याची पिशवी भरून घेतली, शाल गुंडाळली, आणि बाहेर जाऊन मोटारीत बसली.

जून महिना. उजेड काही केल्या हटेना. सगळ्या गावाला ती काचेतल्या बरणीसारखी दिसत होती. रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण थांबून म्हणत होता, "शुभ रात्री, डॉलिना!" आणि तीही राणीसारखी मान हलवत होती. जरा गार हवा घ्यावी म्हणून तिनं काच दोन बोटं खाली केली, आणि क्षणात त्या बारीक चावऱ्या चिलटांचं सगळं सैन्य आत घुसलं. कानात, केसांत, बाहीत. तिनं काच वर केली. आता ती आत होती आणि चिलटंही आत होती.

एफी काठी टेकत आली आणि काचेवर टकटक केली.

"हसायला आलीस?" डॉलिनानं आतून ओरडून विचारलं.

"पन्नास वर्षं संसार केला, आज तरी हसू दे! अगं मूर्ख बाई, चल आत."

"माझी शपथ तुला माहीत आहे."

"माहीत आहे! खाट परत मिळेस्तोवर, असंच ना? मग खाट कुठं गेलीय? तिथंच आहे. तू गेलीस त्या वर्षापासून तिच्यावर कुणी झोपलेलं नाही. दर वर्षी प्रभुभोजनाच्या आठवड्यात मी तिला धुतलेल्या चादरी घालते, म्हटलं न कळवता आली तर? न कळवताच येते ना ती."

डॉलिना कान खाजवायची थांबली. "आणि पाळक?"

"बाकावर."

"ते सहा फुटी?"

"तेच. अजून तेच येतात. पाय खुर्चीवर ठेवून झोपतात बिचारे. पाठ धरते त्यांची, म्हणून तर प्रवचन आता अर्ध्या तासात आवरतात. सगळं गाव मला दुवा देतं."

डॉलिनाच्या तोंडून जो आवाज आला तो हसण्याचा होता की चिलट गिळल्याचा, ते एफीला कळलं नाही. "मग मला सांगितलं का नाहीस इतकी वर्षं?"

"तू विचारलंस? रोज संध्याकाळी ताठ मानेनं उठायचीस आणि जोनच्या दारात जायचीस, जशी काही माझ्या घराला आग लागलीय. मी का सांगू? मलाही मान आहे."

"आहे तर. आखूड आहे, पण आहे."

"उतरतेस का रविवार लावतेस?"

डॉलिना उतरली. मागच्या खोलीत गेली. खाट होती. चादर पांढरी, कडक, उशाशी बापाच्या मेंढ्यांच्या लोकरीचं जुनं पांघरूण. तिनं बूट काढले, आडवी झाली, आणि चिलटं चावलेलं खाजवायच्या आधीच तिला झोप लागली.

सकाळी जाग आली तेव्हा घरात रविवारची शांतता होती. रेडिओ नाही, भांड्यांचा आवाज नाही. तिनं पाय खाली सोडले आणि पायांना काहीतरी मऊ लागलं. हिरवा गालिचा. नवा. ती वाकून बघू लागली. गालिचा भिंतीपासून भिंतीपर्यंत होता आणि खाटेचे चार वेडेवाकडे पाय, बापानं ओंडक्यातून तासलेले, एक जाड, एक बारीक, एकाला गाठ, त्या प्रत्येकाभोवती तो असा कापला होता की जणू लाकूड त्यातूनच उगवलंय. तिनं कडेवरून अंगठा फिरवला. फट कुठंच नव्हती.

एफी चहा घेऊन आली.

"एफे, हा गालिचा कुणी बसवला?"

"कुणी म्हणजे? तुझ्याच जावयानं. मागच्या वसंतात इथं बेटावर टार्बर्टच्या शाळेचं काम करायला आला होता ना. मी म्हटलं, खाट हलवायची नाही. दुपारभर गुडघ्यांवर होता बिचारा. विचारलंन, मावशी, हलवायची का नाही, कुणाची एवढी? मी सांगितलं. आणि बजावलं, तिला बोलायचं नाही हं, तिनं आपणहून आलं पाहिजे."

"मग काय म्हणाला?"

"म्हणाला, बघतो."

डॉलिनानं चहा तसाच ठेवला. शाल घेतली आणि स्वयंपाकघरात गेली. गॅविन ओटच्या पेजेचा वाडगा पुढं घेऊन बसला होता, एक हात कमरेवर, पाठ बाकासारखीच वाकडी. रोना त्याच्या पाठीला तेल चोळू का विचारत होती आणि टॉर्मड खिडकीतून समुद्र बघत होता.

"गॅविन."

"सुप्रभात, आई. झोप लागली?"

"त्या खाटेच्या पायांभोवती सुई जाणार नाही असा गालिचा कापलायस तू."

"ते होय. जरा वेळ लागला. तेवढ्या कामाचे बाहेर कमीत कमी..."

"गॅविन!" एफी दारातून म्हणाली. "रविवारी माझ्या घरात पैशाची गोष्ट नाही."

गॅविननं घास गिळला. डॉलिना त्याच्यासमोर बसली.

"असा माणूस घरातून निघताना एवढी लोखंडी दांडी विसरतो?"

"होतं कधीकधी," गॅविन वाडग्यात बघत म्हणाला. त्याचे कान मात्र लाल झाले होते, आणि ते रोनानंही पाहिलं. तिनं चमचा खाली ठेवला आणि नवऱ्याकडे अशी बघायला लागली, जणू हा कोण घरात आला.

डॉलिनानं टेबलावर दोन्ही हात ठेवले.

"ऐक. लग्न झाल्यापासून मी पेझलीत सांगत आलेय, आमच्या रोनानं बावळट नवरा केला. बावळट नाहीस तू. पक्का लबाड आहेस, आणि लबाडीसुद्धा माप घेऊन करतोस. तेव्हा शिक्षाही मापानं होईल. उद्या पहिल्या बोटीनं ऊइगला जायचं आणि माझं छप्पर घेऊन यायचं. दांडीसकट लांबी सांगायची, दांडीसकट भाडं भरायचं, तुझ्या खिशातून. कॅरव्हान इथंच राहील, गोठ्यामागे, प्रभुभोजनाला पाळकसाहेबांना झोपायला. त्यांची पाठ आपल्या घराण्यानं खूप मोडली. आणि एकेरी भाडं कितीनं स्वस्त पडतं ते तोंडातून काढू नकोस, तुझ्या डोळ्यांत दिसतंय मला. काढलंस, तर परतीच्या बोटीवर त्या पिवळ्या जाकिटवाल्याला सांगून तुझीच लांबी मोजून घेईन, जिभेसकट!"